दत्ताराम गमरे एक डोळा मिटतात

जानेवारीतल्या त्या रविवारी दादरच्या सभागृहात दत्ताराम गमऱ्यांनी एक डोळा मिटला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. गच्चीचा अर्ज झाला नसता, पापडांचे हाल झाले नसते, बिल्डिंगच्या दारावर फ्लेक्स लागला नसता आणि सुंदराबाईंची पांढरी साडी पांढरीच राहिली असती. पण एक डोळा मिटणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्र्याहत्तर वर्षांच्या सभ्य गृहस्थाला, चारचौघांत, तर नाहीच नाही.

दत्ताराम त्या दिवशी दादरला गेले होते चष्म्याची दांडी बसवायला. दुकानदार म्हणाला, "काका, बसलाच आहात तर डोळेपण चेक करून घ्या. फ्री आहे." दत्तारामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गुपचूप स्क्रू पिळायला घेतला. "दांडी मोडलीय," दत्ताराम म्हणाले, "डोळे नाही." आणि दुरुस्त चष्मा लावून बाहेर पडतात तोच त्यांना समोरच्या सभागृहाबाहेर पाटी दिसली: 'तारे कसे मोजतात? सर्वांना मुक्त प्रवेश. नंतर चहा.' आकाशप्रेमी लोकांच्या एका छोट्या मंडळाचा तो कार्यक्रम होता. दत्तारामांना ताऱ्यांचं प्रेम नव्हतं, पण मोजायचं म्हटलं की ते थांबायचे.

व्याख्यान देत होत्या रश्मी नावाच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या पस्तिशीतल्या बाई. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी एक बोट नाकासमोर धरा. आता उजवा डोळा मिटा. आता तो उघडा आणि डावा मिटा. मागच्या भिंतीवर बोट उडी मारतं की नाही? बोट जवळ असेल तर मोठी उडी, लांब असेल तर छोटी. आपली पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या या बाजूला असते, जुलैत त्या बाजूला. ते झाले आपले दोन डोळे. सहा महिन्यांत जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांपुढे किती सरकला ते मोजलं, की त्याचं अंतर निघतं."

सगळं सभागृह बोटं धरून डोळे मारायला लागलं. दत्तारामांनीही बोट धरलं. पण समोर रश्मीबाई, उजव्या हाताला एक अनोळखी ठसठशीत बाई, आणि आपण एक डोळा मिटायचा? लालबागमध्ये लोकांनी याहून कमी कारणासाठी मार खाल्लेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा त्यांनी दोन्ही डोळे नीट उघडे ठेवून बोटाकडे गंभीरपणे पाहिलं. बोट तसूभरही हललं नाही. या प्रयोगात काही दम नाही, असं ठरवून त्यांनी बोट खाली घेतलं.

पुढचं मात्र त्यांना पटलं. ताऱ्याचं तेज म्हणजे त्याची प्रत; पहिल्या प्रतीचे तारे ठळक, सहाव्या प्रतीचे दिसतील न दिसतील असे. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होतं. ते नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतं. आपल्या ताऱ्यापेक्षा एक उजळ शेजारी घ्यायचा, एक फिकट, आणि आपला तारा दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते सांगायचं. आणि रंगावरून ताऱ्याचा प्रकार कळतो: निळसर पांढरे सगळ्यात तापलेले, मग पांढरे, पिवळे, नारिंगी, आणि तांबडे त्यातल्या त्यात थंड. मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, म्हणजे ताऱ्यांच्याही जाती ना?" दत्ताराम मान वळवून म्हणाले, "प्रकार म्हणा हो. निदान तिथे तरी जाती नकोत." सभागृह हसलं, रश्मीबाईही हसल्या, आणि दत्तारामांना ते मंडळ आवडलं. चहाच्या वेळी त्यांनी सभासद म्हणून नाव दिलं.

कारण ही तर त्यांचीच विद्या होती. बावीस वर्षं मिलच्या रंगखात्यात आणि मिल बंद पडल्यावर अठरा वर्षं परळच्या रंगाच्या दुकानात दत्तारामांनी एकच काम केलं होतं: शेड जुळवणं. मिलचा नियम होता. सकाळी दहाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीत, दोन माणसांनी वेगवेगळं बघायचं, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच चिठ्ठ्या उघडायच्या. दत्तारामांची चिठ्ठी कधी चुकली नाही. अजूनही बिल्डिंगमधले लोक पडद्याचं कापड घेऊन त्यांच्याकडे यायचे. मिल गेली, चाळ गेली, चाळीच्या जागी बावीस मजले उभे राहिले, घर मुलाच्या नावावर झालं. स्वतःचं म्हणावं असं दत्तारामांकडे एकच उरलं होतं, ती नजर. तिच्यावर कोणी शंका घेतली असती तर त्यांना जेवण गेलं नसतं.

घरी येऊन त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोऱ्यांचे तुकडे चिकटवून ताऱ्यांचं शेडकार्ड केलं. ते दाखवत बायकोला, सुंदराबाईंना, तासाभराचं व्याख्यान समजावून सांगायला बसले. "म्हणजे बघ, जो जास्त तांबडा, तो कमी तापलेला."

"म्हणजे ब्याडगी," सुंदराबाई मेथी निवडत म्हणाल्या. "रंगाला लालभडक, तिखटाला काही नाही. त्यात शिकायचं काय?"

दत्तारामांना जरा लागलंच. पण त्यांनी कार्ड जपून ठेवलं आणि मंडळाने नव्या सभासदांना वाटून दिलेल्या ताऱ्यांतला आपला तारा वहीत लिहिला: मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी. त्याच्याहून उजळ शेजारी राजन्य, निळसर पांढरा. फिकट शेजारी रोहिणी.

आता हवी होती गच्ची. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सोसायटीचा सेक्रेटरी हितेंद्र याच्याकडे. हितेंद्र विम्याचं काम करायचा, त्यामुळे कुठल्याही गोष्टीसाठी त्याच्याकडे फॉर्म होता. गच्चीच्या फॉर्मवर 'वापराचे कारण' या रकान्यात तीनच कारणं छापलेली: वाळवण, डिश अँटेना, टाकीची सफाई.

"तारे कुठे लिहू?" दत्तारामांनी विचारलं.

"काका, चौथं कारण घालायचं तर जनरल बॉडीचा ठराव लागेल. मीटिंग जूनमध्ये."

"अरे, जूनमध्ये मृग लागतं ते पावसाचं! तेव्हा त्या ताऱ्यांत सूर्य जाऊन बसलेला असतो. मला दिसणार काय, डोंबल?"

"मग वाळवणावर टिक मारा ना. कोण बघायला येतंय?"

वॉचमन रामजी बघायला आला. पहिल्याच संध्याकाळी साडेसात वाजता त्याने रजिस्टर उघडलं आणि जिन्यात हात आडवा धरला. "काका, हितं वाळवण लिवलंय. वाळवण किधर हाय?"

"सूर्य मावळलाय रे रामजी."

"त्ये मला नका सांगू. मला रजिस्टर म्हायती."

दत्तारामांनी माघारी येऊन उडदाचे पापड ताटात मांडले आणि ते घेऊन वर गेले. त्या दिवसापासून ते पापड रोज संध्याकाळी गच्चीवर तारे बघायला जाऊ लागले. दोन आठवड्यांत ते इतके वाळले की तळले तरी फुलेनात. तरी नवव्या मजल्यावरच्या शामरावांनी ते ताट पाहून आपल्या साबुदाण्याच्या पापड्या वर पाठवल्या. "नाहीतरी तुम्ही जाताच आहात." त्यांचं पाहून आणखी तिघांनी पाठवल्या. फेब्रुवारी उजाडेपर्यंत दत्ताराम पाच घरांच्या पापडांचे पालक झाले होते आणि एका कावळ्याशी त्यांचं वैर जडलं होतं.

शामरावांचं एवढ्यावर भागलं नाही. "दत्ताराम, माझ्या भाचीचं नक्षत्र मृगच. लग्नाचं कधी जमेल ते जरा बघा ना."

"शामराव, मी तेज बघतो. भविष्य नाही."

"हो हो. पण बघतच आहात तर..."

"आमच्या विहारातल्या वंदनेत एहिपस्सिको म्हणतात. ये आणि स्वतः बघ. कुंडली घेऊन ये असं नाही म्हणत."

शामरावांनी हे भाचीच्या आईला 'अजून योग नाही म्हणतात' असं कळवलं.

इकडे गच्चीवर मात्र काहीतरी विलक्षण घडत होतं. पहिल्या आठवड्यात काक्षी राजन्याच्या बरोबरीचा दिसला. दुसऱ्या आठवड्यात किंचित पुढे. फेब्रुवारीच्या मध्यावर दत्तारामांनी वहीत ठाम अक्षरात लिहिलं आणि मंडळाला कळवलं: 'काक्षी राजन्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ.' आता काही नजर बोलत होती आणि काही मन. एकदा मनाने घेतलं की नजरही मनाचंच ऐकते, हे मिलमधल्या त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं. म्हणून तर दोन चिठ्ठ्यांचा नियम होता. दत्तारामांना तो नियम आठवला आणि एका संध्याकाळी ते सुंदराबाईंना वर घेऊन गेले.

"हा तांबूस आणि तो पांढरा. कोणता उजळ?"

सुंदराबाईंनी बराच वेळ वर पाहिलं. "तुम्ही सांगाल तो."

"तसं नाही गं. तू तुझं सांग."

"मला काय कळतंय त्यातलं? नजर तुमची."

दत्तारामांनी समाधानाने वहीत लिहिलं, 'दुसऱ्या निरीक्षकाची सहमती,' आणि दोघं पापड घेऊन खाली आली.

साडीचं त्याआधीच, जानेवारीतच सुरू झालं होतं. रविवारी विहारात वंदनेला जायची सुंदराबाईंची एक ठेवणीतली पांढरी साडी होती. दत्ताराम म्हणाले, "अगं, साडी पिवळी पडलीय तुझी. नीळ घाल थोडी." सुंदराबाईंनी नीळ घातली. पुढच्या रविवारी दत्ताराम म्हणाले, "अजून पिवळटच आहे." सुंदराबाईंनी आणखी नीळ घातली. असे चार रविवार गेले. माघी पौर्णिमेला विहारातल्या बायका म्हणाल्या, "अगो सुंदराबाई, निळी साडी नवीन घेतलंस काय गो?" सुंदराबाई नुसत्या "हो" म्हणाल्या आणि पदर सावरून मागच्या रांगेत बसल्या.

मग एके दिवशी रश्मीबाईंचा फोन आला. त्या चाचरतच बोलत होत्या. "काका, काक्षीचे आकडे आणखी सात जण पाठवतात. त्या सगळ्यांचा काक्षी राजन्याच्या मागे आहे. तुमच्या एकट्याचाच पुढे."

"त्या सात जणांनी जन्मात कधी शेड लावलीय का?" दत्तारामांचा आवाज चढला.

रश्मीबाई समजूतदार होत्या. "म्हणूनच म्हणते, या रविवारी मंडळात या. तुमचं शेडकार्ड दाखवा, पद्धत दाखवा. आणि सुरुवातीचा तो बोटाचा प्रयोगही तुम्हीच करून घ्या. लोकांना आवडेल."

ही बातमी दत्तारामांनी फक्त सुंदराबाईंना सांगितली. सुंदराबाईंनी ती लिफ्टमध्ये एकाच बाईला सांगितली. शुक्रवारी सकाळी बिल्डिंगच्या दारावर दहा बाय सहाचा फ्लेक्स लागला: 'आमच्या बिल्डिंगचे भूषण, थोर खगोलशास्त्रज्ञ मा. दत्ताराम गमरे यांनी काक्षी तारा मोठा केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून कमिटीचे अकरा चेहरे, मध्यभागी गॉगल लावलेला हितेंद्र, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे दत्ताराम. रविवारी सभागृहात जायला हितेंद्रने मिनी बस सांगितली होती.

शनिवारी सकाळी दत्ताराम बोटाच्या प्रयोगाची तालीम करायला बसले. घरात आता कोण बघणार होतं! वेळ दहाची, आणि जुन्या सवयीने ते बसले उत्तरेच्या खिडकीसमोर. खिडकीत दांडीवर सुंदराबाईंची साडी वाळत होती. मागे भिंत नाही तर साडी, चालेल. त्यांनी बोट धरलं, आजूबाजूला पाहून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, थोडे लाजतच, डावा डोळा मिटला.

साडी पिवळट होती. ते ठाऊकच होतं.

मग त्यांनी डावा उघडून उजवा मिटला. साडी निळी झाली.

बोट किती सरकलं ते बघायचं राहूनच गेलं. त्यांनी पुन्हा डावा मिटला. पिवळी. उजवा मिटला. निळी, चांगली आकाशी निळी. त्यांनी कपाटातून शेडकार्ड काढलं आणि खिडकीत धरलं. उजव्या डोळ्याने पाहिलं तर निळसर पांढऱ्या दोऱ्यात आणि पिवळ्या दोऱ्यात काही फरकच नव्हता. दोन्ही गढूळ चहासारखे.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. सुंदराबाई हात पुसत आल्या. "ही साडी कुठल्या रंगाची आहे?"

सुंदराबाईंनी दांडीवरची साडी उगाच सारखी केली.

"खरं सांग."

"निळी," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि मी पिवळी म्हणत होतो तेव्हा?"

"पांढरी होती."

"मग नीळ कशाला घालत बसलीस, बाई?"

"मला वाटलं, माझेच डोळे गेले." सुंदराबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "सुनेला घेऊन गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले मी. तो म्हणाला, आजी, तुमचे डोळे एकदम फर्स्ट क्लास. म्हटलं, डॉक्टरचंच चुकत असेल. तुमची नजर कशी चुकेल?"

दत्ताराम खुर्चीत बसले. एक्कावन्न वर्षं ही बाई नवऱ्याच्या डोळ्यांनी जग बघत आली, आणि स्वतःच्या चांगल्या डोळ्यांना खोटं पाडत आली, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांना तिचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःचं त्याहून जास्त. मिल बंद झाली त्या दिवशीही ते रडले नव्हते. आज दोन्ही डोळे भरून आले, चांगलाही आणि गढूळही. काक्षीला काही झालेलं नव्हतं. शेड बघताना ज्या उजव्या डोळ्यावर त्यांचा सगळा भर असायचा, त्यातच मोतीबिंदू पिकत होता, तो निळसर उजेड खात होता. बिचारा राजन्य फुकट मागे पडला होता.

"उद्या जात नाही मी," ते म्हणाले. "ताप आलाय म्हणून सांग."

सुंदराबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "नाही आलेला. मिलमध्ये चुकीचा माल निघाला, तर काय करत होता तुम्ही?"

"लाल शिक्का मारायचो."

"आणि?"

"आणि खाली माझी सही."

"मग," सुंदराबाई म्हणाल्या आणि साडी काढून घडी घालायला लागल्या. "हीच नेसते उद्या."

रविवारी मिनी बस भरून बिल्डिंग आली. सुंदराबाई निळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दत्ताराम उभे राहिले तशा टाळ्या झाल्या. हितेंद्रने शिट्टीही मारली. दत्तारामांनी वही उघडली.

"मी चाळीस वर्षं रंग जुळवले," ते म्हणाले. "या दोन महिन्यांत मी मंडळाला एकतीस आकडे पाठवले. ते सगळे रद्द समजावेत. काक्षी होता तिथे आहे आणि होता तेवढाच आहे. माझा उजवा डोळा खराब झालाय. वहीवर मी लाल शाईने 'रद्द' लिहिलंय आणि खाली सही केलीय. दत्ताराम गमरे."

हितेंद्रने टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. आता खाली बसावं की तसंच बाहेर चालत सुटावं, हे दत्तारामांना कळेना. मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. सुंदराबाईंनी एक बोट नाकासमोर धरलं होतं.

"हां," दत्ताराम म्हणाले. "आता सगळ्यांनी बोट धरा. मागच्या पांढऱ्या भिंतीकडे बघा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट किती सरकलं ते नंतर बघू. आधी भिंतीचा रंग सांगा. दोन्ही डोळ्यांना एकच दिसतो का?"

सगळं सभागृह मागे वळून डोळे मिटायला लागलं. कोणी नुसतं तोंड वाकडं करत होतं, हितेंद्रला गॉगल काढावा लागला. आणि तिसऱ्या रांगेतून शामराव ओरडले, "अरेच्चा! माझी एक भिंत पिवळी!" पाठोपाठ मंडळाचे सत्तरीचे खजिनदार उठून पुटपुटले की त्यांचीही.

रश्मीबाई पुढे आल्या. "दुर्बीण कुठलीही असो," त्या म्हणाल्या, "तिच्यात दोष किती हे आधी मोजावं लागतं, मग तारा. आम्ही सगळं मोजलं, डोळे मोजायचे विसरलो. काका, आजपासून मंडळाचा हा पहिला नियम." या वेळी टाळ्या जरा उशिरा आल्या, पण बराच वेळ चालल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दत्ताराम आणि शामराव एकाच दिवशी एकाच डॉक्टरकडे डोळ्याला पट्टी बांधून शेजारी शेजारी बसले. पट्टी सुटेपर्यंत शामराव भाचीच्या लग्नाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. हितेंद्रने फ्लेक्स काही उतरवला नाही. पैसे भरलेले होते. त्याने 'काक्षी तारा मोठा केल्याबद्दल' यावर कागदाची पट्टी चिकटवली: 'तीन मोतीबिंदू शोधल्याबद्दल.'

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली आणि दत्ताराम सुंदराबाईंना घेऊन गच्चीकडे निघाले. रामजीने रजिस्टर उघडलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटून टाकलं.

वर आकाश स्वच्छ होतं. मृग पश्चिमेकडे झुकला होता. दत्तारामांनी खिशातून कागदाचे दोन कपटे आणि दोन पेन्सिली काढल्या. "मिलचा नियम. कोणता उजळ ते तू तुझं लिही, मी माझं. बघायचं नाही एकमेकांचं."

सुंदराबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि कठड्यावर कागद ठेवून एकेक अक्षर सावकाश लिहीत राहिल्या. दत्तारामांचं लिहून कधीच झालं होतं. मग चिठ्ठ्या उघडल्या. दत्तारामांच्या चिठ्ठीवर होतं, 'राजन्य'. सुंदराबाईंच्या चिठ्ठीवर होतं, 'राजन्य. पहिल्यापासून.'

दत्तारामांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मग गच्चीवर कोणी नाही याची खात्री करून घेतली, सुंदराबाईंकडे पाहिलं आणि बोटबिट काही न धरता, नवा डोळा उघडा ठेवून, दुसरा मिटला.

"अहो! या वयात? कोणी बघेल," सुंदराबाई म्हणाल्या. पण त्यांनीही जिन्याकडे एकदा पाहिलं आणि तसंच करायचा प्रयत्न केला. त्यांना काही ते जमेना. एक डोळा मिटायला गेल्या की दोन्ही मिटायचे.

दत्ताराम हसले नाहीत. तिने डोळे उघडेपर्यंत ते तिच्याकडेच बघत राहिले. तिच्या अंगावरची साडी निळी होती, अगदी राजन्यासारखी, आणि ती आता तशीच ठेव, असं त्यांना तिला सांगायचं होतं.